बिनमोटारीचे जॅकवाले

वासुभाऊंकडे चार जॅक होते आणि मोटार एकही नव्हती.

आधी होती आणि मग विकली, असंही नाही. त्या घरात मोटार कधी आलीच नव्हती. मोटारीत बसायचं नुसतं नाव काढलं तरी वासुभाऊंचा चेहरा उतरायचा. "मले मोटर लागते," म्हणायचे. लागते म्हणजे पोटात ढवळतं, डोकं गरगरतं आणि पुढचं सगळं. कुरखेड्याच्या बाजारात उभ्या लॉरीचा धूर अंगावर आला तरी ते खिशातलं लिंबू काढून हुंगत. आणि हाच माणूस, धूर ओसरला की, त्याच लॉरीखाली उताणा शिरे आणि तिचा आस जमिनीपासून किती वर आहे ते वितीने मोजत बसे.

पन्नास-साठच्या मधला तो काळ. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि गडचिरोली, कुरखेडा, धानोरा ही सगळी त्याच एका अफाट जिल्ह्यातली जंगलातली गावं. मी हिवतापाच्या खात्यात निरीक्षक म्हणून कुरखेड्याला नवा आलो होतो. घरोघरी भिंतींवर औषध फवारायचं, हे आमचं काम. डासांबरोबर ढेकूणही मरत, त्यामुळे लोक आमच्यावर फारच खूश असत. दिमतीला एक जीप होती आणि इस्माईल नावाचा ड्रायव्हर. राहायला खोली मिळाली ती वासुभाऊंच्या धानाच्या गिरणीला लागून.

सामान उतरवत होतो, तोच गिरणीतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, भुवयांवर कोंडा साचलेला. मला वाटलं, नाव-गाव विचारतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. वाकून जीपखाली डोकावले आणि इस्माईलला म्हणाले, "ज्याक कोन्ता हाय?"

इस्माईलने सीटखालून आमचा जॅक काढून दिला. बाजारात काकडी पाहावी तसा वासुभाऊंनी तो तळहातावर तोलला.

"हे ज्याक हाय का अडकित्ता?"

"चलता है, भाऊ," इस्माईल म्हणाला.

"चालते ना! सुपारी फोडाले चालते." मग ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं. "साहेब, तुमी शिकलेले मानसं. असा ज्याक घेऊन जंगलात जाता? घरी मायबाप हायेत ना तुमाले?"

त्या दिवसापासून आमची ओळख झाली.

गिरणीच्या कोपऱ्यात एक सागवानी फळी होती. तिच्यावर ते चार जॅक देवघरातल्या देवांसारखे ओळीने बसवलेले असत. देवांचं तेल एखादे दिवशी चुके, यांचं चुकत नसे. हे वेड लागलं कसं, ते वासुभाऊ कोणालाही, कधीही सांगायला तयार असत. गिरणीचं इंजिन एकदा एका बाजूला खचलं. गावातली दहा-बारा माणसं लावली, लाकडी बल्ल्या लावल्या, तरी हलेना. एक लॉरीवाला रस्त्याने चालला होता. त्याने गाडीतून एक लोखंडी ठोकळा आणला, इंजिनाखाली सरकवला आणि बिडी ओढत दांडी फिरवायला लागला.

"एक हात, साहेब! दुसऱ्या हातात बिडी! अन् इंजिन असं वर आलं, जशी कढईतली पुरी फुगून वर येते."

हे सांगताना वासुभाऊंच्या डोळ्यांत दर वेळी पाणी येई. तोच जॅक त्यांनी त्या लॉरीवाल्याच्या मागे लागून लागून विकत घेतला. त्याचं नाव म्हातारा. आट्यांचा, जड, फिरवता फिरवता खांदे भरून आणणारा. "हळू चालते, पन खोटं बोलत नाई," असं त्याचं वर्णन. दुसरी उंटीण. कमरेएवढी उंच, दात्यांची, दर दात्याला खटकन आवाज करणारी. ती ट्रकांसाठी. तिसरा बुटका. आट्यांचाच, दिसायला अगदी गरीब, पण चाक पार बसलं आणि बाकीचे जॅक आसाखाली शिरेनासे झाले की हा शिरायचा. चौथा तेलाचा, चकचकीत, खास नागपूरहून मागवलेला. त्याचं नाव जावई.

"जावई काऊन?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"तेल पाजत राहा लागते. सगळ्याईनं मान द्या लागते. अन् गाडी वर गेली का हळूच खाली बसते."

कुरखेड्यावरून जाणाऱ्या गाड्या तेव्हा थोड्या. पण त्यातल्या एकीचं तरी चाक आसपास बसायचंच. मग ड्रायव्हर गिरणीत येई. त्याला वाटे, जॅक उचलायचा आणि चालू पडायचं. तसं नव्हतं. वासुभाऊ त्याला पोत्यावर बसवत आणि वैद्य नाडी पाहतो तशी चौकशी सुरू होई. गाडी भरली का रिकामी? भरली तं कायनं? बांबू का धान? चाक मागचं का पुढचं? आणि शेवटी, डोळे बारीक करून, "पह्यले बूड सांगा."

बूड म्हणजे जॅकच्या खालची जमीन. मुरूम आहे, माती आहे, की रेती? चढ की उतार? लोक गाडी पाहून जॅक निवडतात, हे वासुभाऊंच्या मते साऱ्या जगाचं चुकत होतं. जॅक निवडायचा तो जमीन पाहून. एकदा एक लाकडाचा ठेकेदार आला. पायांत बूट, हातात घड्याळ. त्याने फळीकडे पाहिलं आणि सरळ जावयाकडे बोट केलं. "तो चमकणारा द्या."

"चमकते मनून पाह्यजे? नवरी पाहाले आले का?" वासुभाऊ म्हणाले. "ट्रक कुठी हाय? उतारावर? मंग जावई भेटत नाई. म्हातारा न्या. अन् पुढच्या चाकाले दोन बाजूनं दगड लावा. दगड नाई लावले तं ट्रक तुमच्या आंधी वडसा गाव गाठन."

ठेकेदार चिडला, पण म्हातारा घेऊन गेला. संध्याकाळी परत द्यायला आला तेव्हा घामाने निथळत होता आणि हसत होता. त्याला चहा पाजून, पोहे खाऊ घालून, वासुभाऊंनी सगळी कहाणी पहिल्यापासून ऐकून घेतली. ही त्यांची अटच होती. जॅक ज्याने नेला त्यानेच परत आणायचा, बसायचं आणि काय झालं ते सांगायचं. भाडं वगैरे काही नाही. कोणी पैशांचं नाव काढलं तर त्यांना राग येई.

सीताबाई, म्हणजे वासुभाऊंच्या मंडळी, या सगळ्याकडे चुलीपाशी बसून पाहत. "या बुढ्याले काई सांगू नोका साहेब," त्या मला म्हणायच्या. "पोरीले पाहाले पावने आले होते. लोक इचारते वावर किती, नोकरी कायची. यायनं काय इचारलं असन? 'तुमच्या गावाच्या रस्त्याले मुरूम हाय का रेती?' पोरगं बिचारं घाबरून मने, मी पाहून सांगतो!"

"अन् पाहून आला ना परत?" वासुभाऊ गिरणीतून ओरडत. "मनूनच देली पोरगी."

ती पोरगी म्हणजे शांता. एकुलती एक. धानोऱ्याला दिली होती. जावई माधवराव तिथे पोस्टात होते. धानोरा तसं काही परदेशात नव्हतं, पण मधे सगळं जंगल आणि नाले. बैलबंडीने जायला दोन दिवस लागत, आणि मोटारीत वासुभाऊ बसत नसत. लग्न होऊन वर्ष होऊन गेलं तरी ते लेकीच्या घरी गेलेले नव्हते. मात्र एक गोष्ट इस्माईलच्या लक्षात आली होती. वडसा, आरमोरीकडून आलेल्या ड्रायव्हरची कहाणी वासुभाऊ चहाच्या एका कपात संपवत. धानोऱ्याकडून कोणी आला की दुसरा कप येई. कोणत्या नाल्यात पाणी आहे, कोणत्या वळणावर रेती साचली, कुठला पूल खचला, सगळं विचारत. जो रस्ता त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तो त्यांना आमच्या इस्माईलपेक्षा पक्का पाठ होता.

दिवाळी झाली. शांताला दिवस गेले होते, सातवा लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. आमच्या फवारणीची फेरी धानोऱ्याकडेच होती. मी म्हटलं, "भाऊ, येताना जीप रिकामीच असते. शांताबाईंना घेऊन येतो."

वासुभाऊंनी माझे दोन्ही हात धरले. आणि त्या संध्याकाळपासून गिरणीत जे सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. चारही जॅक फळीवरून उतरले. कोणता पाठवायचा? म्हातारा भरवशाचा, पण नाल्यात चाक रुतलं तर आत शिरणार नाही. बुटका शिरेल, पण रेतीत धसेल. उंटीण उंच, पण उतारावर कलंडते. जावयाचं तर बोलायलाच नको. ते एकेक जॅक उचलत, दाराकडे नेत, परत आणत.

"अजी, पोरगी आनाची हाय का ट्रक?" सीताबाई म्हणाल्या.

"तू चूप राह्य. इचार करून राह्यलो."

निघायच्या सकाळी जीप दारात उभी राहिली. वासुभाऊंनी चारही जॅक मागे ठेवले. मग एक रुंद सागवानी पाट आणून ठेवला, लेकीला पाय टेकायला. मग दोन उश्या.

"साहेब," ते म्हणाले, "कोन्ता लावाचा हे तुमाले समजनार नाई. मी येतो."

सीताबाईंच्या हातातलं पातेलं खाली पडता पडता राहिलं. धानाचा ऐन हंगाम, गिरणीसमोर बंड्यांची रांग, आणि हा माणूस गिरणीला कुलूप लावून चक्क मोटारीत बसत होता!

जाताना काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने सांगण्यासारखं नाही. डोक्यावर ओला पंचा, एका हातात लिंबू, गालात चिंच. दर थोड्या वेळाने ते इस्माईलचा खांदा दाबत, जीप थांबे, आणि ते सागाच्या झाडामागे जात. परत येताना चेहरा पांढराफटक, पण बातमी घेऊन येत. "इथी मुरूम हाय. चांगला हाय." पुढच्या वळणावर पुन्हा झाड. "इथी रेती. याद ठेव इस्माईल."

धानोऱ्याला पोचलो तेव्हा शांता अंगणातच उभी होती. वडील जीपमधून उतरताना पाहून तिचा विश्वास बसेना. वासुभाऊंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं, "रस्ता बरा हाय," एवढंच म्हणाले आणि घाईघाईने जीपच्या मागे जाऊन जॅक हलवायला लागले. माधवराव पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. शांत, लाजाळू माणूस. ते मागे उभे आहेत याचा पत्ता नसलेले वासुभाऊ इस्माईलला जोरात सांगत होते, "जावयाले पार मागं टाक! त्याच्यावर काई भरवसा नाई. बसते मधातच!"

माधवरावांनी तांब्या खाली ठेवला. "मामाजी," ते हळूच म्हणाले, "मी येऊन नाई राह्यलो."

शांता हसता हसता ओट्यावर बसली. वासुभाऊंना खुलासा करता करता घाम फुटला. त्यांनी प्रत्यक्ष जॅक आणून दाखवला. माधवरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट पाहिला आणि मान डोलावली. "दिसाले चांगला हाय," म्हणाले.

परतताना वासुभाऊ मागे लेकीशेजारी बसले. घरच्या म्हशीपासून गिरणीच्या पट्ट्यापर्यंत सगळं तिला सांगत सुटले. अर्ध्या वाटेवर एका नाल्यात शिरलो आणि फुस्स झालं. मागचं चाक. नाल्यात पाणी नव्हतं, पण ओली रेती होती, आणि जीप एका अंगाने रेतीत बसली. सूर्य झाडांना टेकायला आला होता. इस्माईलने इकडेतिकडे पाहिलं आणि "यहाँ रीछ आता है साहब," असं मला ऐकू येईल इतपतच बोलला. शांताला हाताला धरून आम्ही काठावरच्या दगडावर बसवलं. मला खरोखर भीती वाटत होती. सातव्या महिन्यातली बाई, अस्वलांचं जंगल, आणि जवळ एकही गाव नाही.

वासुभाऊंनी म्हातारा काढला. तो आसाखाली जाईना. रेती उकरली तर खालून पाणी यायला लागलं. उंटीण लावली, खट, खट, खट, आणि चौथ्या खटला ती अशी कलंडली की वासुभाऊ उडी मारून बाजूला झाले. मग जावई. शेजारून पुष्कळ उकरून तो कसाबसा आत घातला. जीप जराशी उचलली गेली, आम्ही श्वास रोखला, आणि जीप सुस्कारा टाकत परत खाली आली.

"बाबा, जावई बसला!" दगडावरून शांता ओरडली आणि पोट धरून हसायला लागली.

वासुभाऊ रेतीत बसून राहिले. मी त्यांना इतकं हताश कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या रस्त्याचा विचार त्यांनी केला होता, आणि नेमकी लेक बरोबर असताना त्यांचं डोकं चालेना.

"बुटका घ्या," शांता म्हणाली. लहानपणापासून या जॅकना तेल लावत ती वाढली होती.

"बुटका धसन रेतीत."

"मंग पाट टाका खाली."

"कोन्ता पाट?" त्यांना खरंच कळलं नाही. मग कळलं. "थो पाट तुया पायासाठी आनला."

"माये पाय दगडावर हायेत ना."

"पोरीच्या पायाखालचं काहाडून ज्याकाच्या खाली टाकू? मी?"

यावर शांता स्वतःच उठली. आम्ही नको नको म्हणेपर्यंत तिने जीपमधला पाट ओढून काढला आणि वडिलांच्या हातात दिला. "पह्यले बूड पाहा, बाबा," ती म्हणाली, अगदी त्यांच्याच आवाजात.

पाट रेतीवर पडला, पाटावर बुटका बसला, आणि जीप वर यायला लागली. खरं सांगतो, मी आणि इस्माईल टाळ्या वाजवायला लागलो. चाक बदलेपर्यंत वासुभाऊ चाकाकडे पाहतच नव्हते. लेकीकडे पाहत होते. "साहेब," मला म्हणाले, "मायं आयकत नाई कधी. पन बोलते बरोबर." पुढचा सगळा रस्ता त्यांचं लिंबू खिशातच राहिलं. कोणी तो विषय काढला नाही.

थंडीत शांताला मुलगी झाली. वासुभाऊंनी सबंध बाजाराला गूळ वाटला. बाळंतिणीच्या बाजेचा उशाकडचा एक पाय आखूड होता, त्याखाली बुटका गेला. शांताला बसावंसं वाटलं की आतून हाक येई आणि वासुभाऊ बाहेरून विचारत, "किती आटे?" गिरणीत आलेला ड्रायव्हर बुटका मागायला लागला तर त्याला सांगत, "थो सध्या बाळंतपनावर हाय."

चैत्रात मोहाच्या फुलांचा सडा पडायला लागला आणि माधवराव भाड्याची मोटार घेऊन न्यायला आले. पेटी चढली, पापड-कुरडयांचे डबे चढले. सीताबाईंनी लेकीची ओटी भरली आणि पदर तोंडाला लावला. शेजारपाजारच्या बाया जमल्या. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. आणि मग कोणीतरी म्हणालं, "वासुभाऊ कुठी हायेत?"

गिरणीत नव्हते. परसात नव्हते. विहिरीवर नव्हते. मी मोटारीला वळसा घालून गेलो तर मागच्या चाकाजवळ, धुळीत, दोन पाय बाहेर आलेले दिसले. लांबसडक, टाचांना भेगा पडलेले. बाकीचे वासुभाऊ मोटारीखाली होते. मी ड्रायव्हरला हात केला, त्याने इंजिन बंद केलं. मग खाली वाकून पाहिलं.

त्यांच्या हातात काही नव्हतं. आसाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. पंचा तोंडावर ओढून ते उताणे पडले होते आणि त्यांची छाती खालीवर होत होती.

"लग्नात बी असंच केलं होतं," सीताबाई हळूच म्हणाल्या. "बिदाईच्या टायमाले लॉरीखाली. लोकायले वाटलं, लॉरी बिघडली."

मला वाटलं, आता माधवराव घड्याळाकडे पाहतील. पुढे धानोऱ्यापर्यंतचा रस्ता होता, ऊन चढत होतं. माधवरावांनी टोपी काढली आणि ओट्यावर बसले. "चहा ठेवा जी आणखी," ते सासूबाईंना म्हणाले. "कायची घाई हाय?"

शांता बाळाला घेऊन मोटारीच्या मागे आली. त्या दोन पायांपुढे ती वाकली, नमस्कार केला, आणि मग तिथेच धुळीत बसली. बाळाला तिने मांडीवरून पुढे धरलं. पोरीने आपला इवलासा हात लांब केला आणि आजोबांच्या पायाचा अंगठा मुठीत पकडला.

चहा होऊन, पिऊन, कप विसळून झाले तरी वासुभाऊंनी तो पाय जरासुद्धा हलवला नाही.